दुसऱ्या भेटीचं भाडं

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या वाचकपत्रांच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकाने विचारलं होतं, शेजाऱ्यांना दिसत होतं, शाळेला माहीत होतं, मग ‘ते बालसंरक्षणवाले काय झोपा काढत होते?’ ज्या मुलाच्या बातमीवरून त्यांना राग आला, त्या मुलाबद्दल मी एक अक्षरही लिहिणार नाही. ते प्रकरण माझ्याकडे नव्हतं. असतं तरी लिहिता आलं नसतं. बाल न्याय अधिनियम, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे मुलाची ओळख पटेल असं काही प्रसिद्ध केलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. हे कलम मला मनापासून पटतं. ‘फक्त गावाचं नाव सांगा मॅडम, बाकी आम्ही बघून घेतो’ म्हणणाऱ्या वार्ताहरांशी त्यापायी मी भांडलेली आहे.

पण मुलासाठी धरलेल्या या पडद्याआड आमच्या कामाची हालतही झाकली गेली. काही वाईट घडलं की आम्ही लोकांना दिसतो, आणि नेमकं तेव्हाच आम्हाला तोंड उघडता येत नाही. जे टळलं त्याची बातमी होत नाही, होऊही नये. मात्र कोणती पदं रिकामी आहेत, गृहभेटीला गाडी मिळते का, कोणत्या महिन्याचा पगार कोणत्या महिन्यात झाला, यातलं काहीही झाकायला कायद्याने सांगितलेलं नाही. म्हणून तेवढंच लिहिते.

मी नागपूरची. समाजकार्याचं शिक्षण इथलंच, आणि त्यानंतर बहुतेक सगळी नोकरी मुलांच्या संरक्षणाच्या कामात. काही वर्षं संस्थेत, काही वर्षं सरकारी योजनेत कंत्राटावर. नागपूर जिल्हाही पाहिला, शेजारचे जिल्हेही पाहिले. कोणती संस्था, कोणतं कार्यालय, कोणते साहेब हे मुद्दाम लिहीत नाही. मला एका कार्यालयाची तक्रार करायची नाही. कार्यालय बदललं तरी गोष्ट तीच राहिली.

आधी आकडे, म्हणजे तो भाग लवकर संपेल. केंद्राची एकात्मिक बाल संरक्षण योजना २००९-१० मध्ये आली, आज ती मिशन वात्सल्य म्हणून चालते. खर्चाचे ६० टक्के केंद्राचे, ४० टक्के राज्याचे, त्यामुळे पैसा अडला की दोघांनाही एकमेकांकडे बोट दाखवता येतं. जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षाच्या मूळ आराखड्यात दोन समाजकार्यकर्ते आणि दोन क्षेत्रकार्यकर्ते धरलेले आहेत. मार्गदर्शक सूचनांतला पगार समाजकार्यकर्त्याला महिना १८,५३६ रुपये आणि क्षेत्रकार्यकर्त्याला १०,५९२ रुपये. नागपूर जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत साडेशेचाळीस लाख होती, तालुके चौदा. गडचिरोलीत माणसं याच्या पाव हिश्शाहूनही कमी, पण क्षेत्रफळ १४,४१२ चौरस किलोमीटर, आणि मध्ये जंगल. आराखडा दोन्हीकडे तोच, दोन आणि दोन. हा ज्याने आखला त्याने एकदा धानोऱ्याहून भामरागडला एसटीने जाऊन पाहावं.

पगारावर मी याहून जास्त लिहिणार नाही. अंगणवाडी सेविकेला, आशाताईला विचारा, रांगेत त्याही आहेत. हिवाळी अधिवेशन भरलं की यशवंत स्टेडियमवर मंडप पडतात, त्यात दरवर्षी कुठल्या ना कुठल्या खात्याचे कंत्राटी लोक बसलेले असतात. मीही बसले आहे. निवेदन देऊन झालं, फोटो काढून झाला, अधिवेशन संपलं, मंडप निघाले.

मला बोलायचं आहे ते दुसऱ्या भेटीबद्दल.

पहिल्या भेटीला कायद्याने तारीख बांधून दिली आहे. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेलं मूल सापडलं की प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत ते बालकल्याण समितीपुढे, म्हणजे अशा मुलांबाबत निर्णय देणाऱ्या जिल्ह्याच्या समितीपुढे, हजर झालं पाहिजे. समिती चौकशीचा आदेश देते, सामाजिक तपासणी अहवाल पंधरा दिवसांत द्यायचा असतो, आणि अंतिम आदेश चार महिन्यांत व्हावा अशी अपेक्षा आहे. अहवालासाठी नियमांत छापील नमुना आहे. कुटुंबात कोण कोण, घर कसं, कर्ज किती, बाप पितो का, मूल शाळेत कधीपासून जात नाही. तारीख डोक्यावर असते, समिती विचारते, म्हणून पहिली भेट होते. कशीही करून होते.

आता या पहिल्या भेटीत मला काय कळतं ते सांगते. ‘मॅडम येणार’ हे त्या घराला माहीत असतं. अंगण झाडलेलं असतं, पोराला आंघोळ घातलेली असते, मामा-काका जमलेले असतात, चहा येतो. मी काहीही विचारलं तरी उत्तर काका देतात. मूल माझ्याकडे न बघता मान हलवतं. त्या दिवशी मला घराची मांडणी तेवढी समजते. मूल कुठे झोपतं, दाराला आतून कडी आहे की नाही, शेजारची बाई माझ्याशी बोलताना सारखी कोणाच्या दाराकडे बघते. एवढ्यावर अहवाल लिहिता येतो. लिहिला जातोही. ‘कुटुंबाचे वातावरण समाधानकारक असल्याचे दिसून आले’ हे वाक्य आमच्या धंद्यात किती फायलींत असेल याची गणती नाही.

खरं काम सुरू होतं ते न सांगता दुसऱ्यांदा गेल्यावर. काका कामावर असतात. आजी निवांत असते आणि तिला बोलायला कोणीतरी हवंच असतं. मूल ओळखतं, ‘तुमी पुन्हा आल्या?’ म्हणतं. एक मुलगी (गाव, तालुका, साल सगळं सोडते) पहिल्यांदा गेले तेव्हा तोंडातून शब्द काढायला तयार नव्हती. नंतरच्या एका भेटीत ती मला फाट्यापर्यंत सोडायला आली. बस उशिरा होती. बस येईपर्यंतच्या वेळात तिने जे सांगितलं, त्यावर पुढे गुन्हा दाखल झाला. बस वेळेवर आली असती तर काय झालं असतं, हा विचार मी करत नाही.

तर ही दुसरी भेट. मूल घरी परत पाठवल्यानंतर पाठपुरावा करायचा, हे नियमांत लिहिलेलं आहे. पण महिनाअखेरच्या आढावा बैठकीत विचारलं जातं ते प्रकरणं किती आली, अहवाल किती गेले, प्रलंबित किती. परत कितींकडे गेलात, हे मला आजवर कोणत्याही बैठकीत कोणी विचारलेलं नाही. आणि जे विचारलं जात नाही त्याला पैसाही मिळत नाही. प्रवासभत्त्याचं बिल मी टाकते, ते ‘निधी उपलब्धतेनुसार’ निघतं. निधी कधी उपलब्ध होतो ते मात्र कुठे लिहिलेलं नसतं. एसटीची तिकिटं मी एका डब्यात ठेवते. त्यांची शाई उन्हाळ्यात उडून जाते आणि मग लेखापाल म्हणतात, वाचता येत नाही. २०२१ च्या शेवटी एसटीचा संप लांबला तेव्हापासून बहुतेक फिरणं स्कुटीवरच. पेट्रोल शंभराच्या वर. मे महिन्यात नागपूरचा पारा ४५ च्या आसपास असतो तेव्हा दुपट्टा बांधून, पिशवीत कांदा टाकून भिवापूर किंवा नरखेडच्या वाटेला लागायचं, आणि पोहोचल्यावर कळतं की घर संत्र्याच्या बागेत मजुरीला गेलं आहे, संध्याकाळशिवाय येणार नाही. संध्याकाळपर्यंत थांबलं तर परतीला अंधार. थांबलं नाही तर पुन्हा यायचं, म्हणजे पुन्हा खिशातून.

१०,५९२ रुपयांतून खिशातलं किती निघेल, हिशेब वाचकांनीच करावा.

अंधाराचं आलंच आहे तर बालविवाहाबद्दल सांगते. गावात ग्रामसेवक (आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात) हा बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतो. कागदावर मी त्याच्या मदतीला. प्रत्यक्षात १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनवर फोन येतो तो बहुधा लग्नाच्या आदल्या दिवशी, अक्षय तृतीयेच्या आसपास किंवा शाळेला सुट्ट्या लागल्यावर, आणि ग्रामसेवकांकडे गावं तीन असतात. पोचले तर मांडव पडलेला, आचारी आलेला. ‘लगन नाही जी मॅडम, साक्षगंध हाय.’ साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, कोणी बॅण्ड सांगत नाही, हे मलाही कळतं आणि त्यांनाही. मग वय. आधारकार्डावर मुलगी अठराची झालेली असते. खरी तारीख शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरमध्ये, आणि सुट्टीमुळे शाळेला कुलूप. मुख्याध्यापकांना फोन लावला तर ते तालुक्याला राहतात, आणि गावाशी वैर नको म्हणून आधी म्हणतात, उद्या बघू. उद्या म्हणजे लग्न लागून गेल्यावर. मी तिथेच ओट्यावर बसून राहते. भोवती बाया, त्यांच्यामागे माणसं, मागून एक पोरगा माझ्या गाडीच्या नंबर प्लेटचा फोटो काढतो. पोलीस येईपर्यंतचा तो वेळ किती लांब असतो ते घड्याळात दिसत नाही.

मुलीचा बाप दर वेळी राक्षस असतो असं समजू नका. एकदा एकजण मला बाजूला घेऊन म्हणाला, ‘वीटभट्टीवर जातो आमी दोघं. पोरगी घरी एकटी. तुमी सांभाळता का तिले?’ याला द्यायला माझ्याकडे कलम होतं, उत्तर नव्हतं. वसतिगृहाचा फॉर्म होता, पण वसतिगृह जुलैत सुरू होणार होतं.

लग्न थांबलं, हमीपत्र लिहून घेतलं, समितीपुढे मुलगी हजर झाली. बातमी आली असेल तर ‘प्रशासनाच्या सतर्कतेने बालविवाह रोखला’ अशी. महिन्याने त्या मुलीला पाहायला कोण गेलं? तिला दुसऱ्या गावी मामाकडे पाठवून तिथे लग्न लावलं का? ती शाळेत परतली का? हीसुद्धा दुसरी भेटच. आणि त्या गावात दुसऱ्यांदा एकटीने जायचं म्हणजे ज्यांचा आचारी परत पाठवला त्यांच्या दारावरून जायचं. ‘मॅडम, गाडी जपून चालवा’ असा फोन मला येऊन गेला आहे. आवाज प्रेमळ होता. तक्रार द्यायला गेले तर विचारलं, धमकी कुठे दिली त्याने? बरोबर आहे, शब्दांत नव्हती.

त्या गावातली अंगणवाडी सेविका मला नंतर म्हणाली, ‘तुमी तं चालल्या जासान मॅडम, मले इथंच राहा लागते.’ ग्राम बाल संरक्षण समितीची सचिव तीच, अध्यक्ष सरपंच. फोन तिनेच केला होता हे अख्ख्या गावाला दोन दिवसांत कळलं. गोपनीयता आम्ही मुलाची सांभाळतो. फोन करणारीची सांभाळायला आमच्याकडे काही नाही. आपल्या वाचकाने विचारलं आहे की शेजाऱ्यांनी का नाही कळवलं. यासाठी.

शहरातली गोष्ट वेगळी. दिल्ली-चेन्नई आणि मुंबई-हावडा हे दोन्ही मार्ग नागपूर स्थानकात एकमेकांना छेदतात, त्यामुळे देशाच्या चारी टोकांकडून घर सोडून निघालेली मुलं इथल्या फलाटांवर उतरतात. कोणी बिहारचं, कोणी ओडिशाचं, कोणी तेलंगणातून मालक सोडून पळालेलं. रेल्वे सुरक्षा दलाचे जवान मूल ताब्यात घेतात, फोन येतो. रात्रीचे अकरा, मुलगी आहे, पोलीस ठाण्यात ठेवता येत नाही. समितीची बैठक नसेल तेव्हा एका सदस्यापुढे हजर करायची सोय कायद्याने दिली आहे, म्हणजे सदस्यांना झोपेतून उठवायचं. मग वैद्यकीय तपासणी, सरकारी रुग्णालयातली रांग. रांगेत आमच्यापुढे मोटारसायकलवरून पडलेले, साप चावलेले, आणि बाकावर माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, नाव खोटं सांगणारी तेरा-चौदा वर्षांची पोरगी. तिला भूक लागलेली असते. त्या वेळी स्टेशनबाहेर पोहे-तर्री मिळते, ती मी घेते. त्याचं बिल नसतं आणि मला नकोही आहे, एवढं मी मुकाट्याने देते. बालगृहात पोचेपर्यंत पहाट. सकाळी साडेदहाला कार्यालयात हजेरी, बायोमेट्रिक.

१०९८ ही हेल्पलाइन १९९६ मध्ये मुंबईत सुरू झाली आणि बरीच वर्षं संस्थांच्या भरवशावर चालली. २०२३ मध्ये सरकारने ती आपल्याकडे घेतली, ११२ या आपत्कालीन क्रमांकाशी जोडली. सरकारने जबाबदारी घेतली हे चांगलंच. पण त्या बदलात फलाट तोंडपाठ असलेल्या, कुली-सफाईवाल्यांशी ओळख असलेल्या कित्येक अनुभवी मुली बाहेर पडल्या. कोणत्या डब्याजवळ उभं राहिलं की मूल पळत नाही, हे भरतीच्या जाहिरातीत लिहिता येत नाही.

यात एक भाग असा आहे ज्यावर बोललं की लोकांना राग येतो, तरी बोलते. बालसंगोपन योजना. एक पालक नसलेल्या, दोन्ही नसलेल्या, पालक दुर्धर आजारी असलेल्या मुलांना राज्य सरकार महिन्याला पैसे देतं. ११०० रुपये होते, २०२३ पासून २२५०. करोनानंतर विधवा झालेल्या बायांच्या घरी मी स्वतः फॉर्म घेऊन गेले आहे, त्या पैशाने शाळा सुटली नाही अशी मुलं मला माहीत आहेत. योजना हवीच. पण प्रत्येक अर्जाला गृहभेट, प्रत्येकाला अहवाल, प्रत्येकाला समितीचा आदेश. रक्कम वाढली, अर्जांचे गठ्ठे वाढले, भेटी देणारी माणसं तेवढीच राहिली. गठ्ठ्यामागे आमदारांचा फोन असतो, ‘माझ्या मतदारसंघातले किती झाले?’ मार खाणाऱ्या पोरासाठी कोणाचाच फोन नसतो. टेबलावर दोन्ही फायली शेजारी पडलेल्या असतात आणि कोणती आधी उचलली जाईल ते सांगायला नको. माझं मत असं की या अर्जांची पडताळणी वेगळ्या माणसांकडे द्यावी, आणि धोक्यातल्या मुलांची प्रकरणं पाहणाऱ्याच्या हातात ते गठ्ठे असूच नयेत. आमच्यातल्याच काहींना हे पटत नाही. पडताळणीचं काम सोपं आहे, आकडा दिसतो, आणि खरं सांगायचं तर त्यात कोणी अंगावर येत नाही.

हो, आमच्यातही खुर्चीवर बसून अहवाल लिहिणारे आहेत. जुना अहवाल उघडून नाव बदलणारे आहेत. त्यांचा बचाव मी करणार नाही. पण ज्या व्यवस्थेत भेट दिलेला आणि न दिलेला अहवाल यांचं मोल सारखंच, तिथे प्रामाणिक माणूस किती वर्षं स्वतःच्या पेट्रोलवर टिकेल?

त्यावर शोधलेला उपाय म्हणजे फोटो. भेट दिली याचा पुरावा म्हणून जागेच्या खुणेसह फोटो, तोही व्हॉट्सॲप ग्रुपवर, ज्यात पंचवीस-तीस माणसं. मुलाचा चेहरा, मागे घर, खाली गावाचं नाव आणि वेळ. कलम ७४ तुमच्या वर्तमानपत्राला लागू, आणि आमच्या ग्रुपला नाही? मी दाराचा, चपलांचा, अंगणातल्या तुळशीचा फोटो टाकते. ‘लाभार्थी दिसत नाही’ असा शेरा येतो. येऊ दे.

पॉक्सोच्या, म्हणजे मुलांवरील लैंगिक अत्याचाराच्या कायद्याखालच्या, खटल्यांत साक्षीला जावं लागतं, ते वर्षांनी. समन्स निघतं तेव्हा ज्या योजनेत मी ती भेट दिली होती तिथला माझा करार संपलेला असतो. तरीही जाते, कारण मी नाही गेले तर बचावाचा वकील म्हणेल, अहवाल लिहिणारी बाईच नाही. माझ्या एका सहकारी मैत्रिणीने नोकरी सोडून कापडाचं दुकान टाकलं, तिला अजून समन्स येतात. दुकानाचं शटर पाडून ती कोर्टात जाते. उलटतपासणीत पहिला प्रश्न ठरलेला, ‘तुम्ही सध्या काय करता?’

आणि घर. माझी मुलगी नववीत आहे. वरच्या मजल्यावरचे काका तिला गणित शिकवायला तयार होते, सभ्य गृहस्थ, सगळी कॉलनी मानते. मी नाही म्हणाले. कारण विचारलं तर माझ्याकडे कारण नव्हतं. नवरा म्हणाला, ‘तुला आता सगळीकडे तेच दिसतं.’ दिसतं. दिवसभर जे ऐकते ते रात्री कुठे ठेवायचं याची कुठलीही सोय या नोकरीत नाही. मुलांसाठी समुपदेशक असतो. समुपदेशकाचं ऐकणारं कोणी नाही आणि आमचंही नाही. आम्ही चार जणी महिन्यातून एखाद्या रविवारी फुटाळा तलावावर जाऊन बसतो, मक्याचं कणीस खातो, नावं न घेता बोलतो. एवढंच काय ते पर्यवेक्षण.

संपूर्णा बेहुरा यांच्या याचिकेवर ९ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. बाल न्याय मंडळं, बालकल्याण समित्या यांतल्या रिकाम्या जागा भरा, उच्च न्यायालयांनी यावर स्वतःहून देखरेख ठेवावी, असं त्यात आहे. म्हणजे मागायला आमच्याकडे नवीन काही नाही. तरी आपल्या वर्तमानपत्रात जागा असेल तर इतकं छापावं. एका कार्यकर्त्याकडे एका वेळी जास्तीत जास्त किती मुलं, याची मर्यादा लेखी ठरवावी आणि ती ओलांडली की नवीन माणूस द्यावा. पाठपुराव्याच्या भेटीचा प्रवासखर्च आगाऊ मिळावा, बिलानंतर नव्हे. बालविवाह आणि अत्याचाराच्या प्रकरणात गावात जाताना गाडी आणि सोबत महिला पोलीस असावी, त्यासाठी दर वेळी कोणाच्या ओळखीवर अवलंबून राहायला लागू नये. आणि आढावा बैठकीच्या तक्त्यात एक रकाना वाढवावा, ‘पुन्हा भेट दिलेली मुलं’. या शेवटच्या गोष्टीला तर एक रुपयाही लागत नाही.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या वेळी अशी बातमी आली की मुलाचं गाव शोधू नका. माहितीच्या अधिकारात एवढं मागा : त्या जिल्ह्यात पदं किती मंजूर, किती भरलेली, शेवटचा पगार कधी झाला, त्या महिन्यात प्रवासखर्चापोटी किती रुपये दिले गेले, आणि एका कार्यकर्त्याकडे किती फायली होत्या. उत्तरं छापायला कोणतंही कलम आड येत नाही. ‘झोपा काढत होते का’ विचारणाऱ्या त्या वाचकांनी हा अर्ज स्वतः केला तरी चालेल, शुल्क दहा रुपये आहे.

माझं नाव, पत्ता आणि फोन नंबर सोबतच्या वेगळ्या कागदावर दिला आहे, तो कृपया छापू नये. मार्चअखेर कराराचं नूतनीकरण आहे.

आपली,
एक बालसंरक्षण कार्यकर्ती, नागपूर